कडकनाथ कोंबडीचा अस्सल वाण कसा टिकवतात?

काळा तुरा, काळी चोच, काळी कातडी आणि मांसही काळसर! मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूर आणि धार भागातल्या भिल्ल-भिलाला समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली ही कोंबडी तिथे ‘कालीमासी’ म्हणून ओळखली जाते. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. मागणी वाढली आणि अस्सल वाण टिकवण्याचा प्रश्न आणखी अवघड झाला.

काळी म्हणजे अस्सल?

नाही. कातडी आणि मांस काळं करणारं जनुक प्रभावी असतं. त्यामुळे कडकनाथचा दुसऱ्या जातीशी संकर झाला तरी पिल्लं अनेकदा काळी निघतात. म्हणूनच नुसत्या रंगावर न जाता आई-बाप कोण, याची नोंद ठेवावी लागते. त्यासाठी पिल्लांच्या पंखांना किंवा पायांना क्रमांकाचे बिल्ले लावतात.

एक कोंबडा का पुरत नाही?

समजा, १ कोंबडा आणि १० कोंबड्या आहेत. पक्षी ११ दिसतात, पण सगळ्या पिल्लांचा बाप एकच. प्रजननशास्त्रात ‘प्रभावी संख्या’ काढतात: नर आणि माद्यांचा गुणाकार करून त्याची चौपट करायची आणि नर-माद्यांच्या बेरजेने भागायचं. इथे उत्तर येतं जेमतेम ४. तेच ११ पक्षी ५ नर आणि ६ माद्या असे असतील, तर उत्तर जवळपास ११.

ही संख्या किमान ५० असावी, असा सर्वसाधारण निकष आहे. १५ कोंबडे आणि ७५ कोंबड्या असल्या की तो गाठता येतो. संख्या कमी असेल तर जवळच्या नात्यात संकर होतो. मग अंडी कमी फळतात, पिल्लं दगावतात.

उपाय काय?

- कळपाचे गट पाडायचे. माद्या आपल्याच गटात ठेवायच्या आणि दर पिढीला कोंबडे ठरलेल्या क्रमाने पुढच्या गटात सोडायचे.
- कडकनाथ कोंबडी क्वचितच खुडूक बसते. त्यामुळे अंडी दुसऱ्या गावठी कोंबडीखाली किंवा उबवणी यंत्रात ठेवायची.
- फक्त वजनदार पक्षी निवडायचे नाहीत. काटकपणाही तितकाच महत्त्वाचा.
- सगळे पक्षी एकाच ठिकाणी ठेवायचे नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये झाबुआ जिल्ह्यातल्या एका कडकनाथ फार्मवर बर्ड फ्लू आढळला होता.

संख्या वाढली म्हणजे वाण टिकला?

तसं नाही. महाराष्ट्रात सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरची कडकनाथ गुंतवणूक योजना २०१९ मध्ये कोसळली आणि अनेक शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. हजारो पिल्लं विकणं हा धंदा झाला. वाण टिकतो तो नोंदी, पुरेसे कोंबडे आणि चोख निवड यांवर. पिल्लं घेताना किंमत विचारण्याआधी त्यांचे आई-बाप कोणत्या कळपातले, हे विचारायला हवं.