धूरसूचक, घरगुती (वीजजोडणीवरील)

घराच्या वायरिंगमधून वीज घेऊन आगीचा इशारा देणारे उपकरण. अमेरिकेत नव्या घरांसाठी ते सर्वसाधारणपणे बंधनकारक आहे. केवळ बॅटरीवर चालणाऱ्या सूचकापेक्षा ते श्रेयस्कर ठरते, याचे कारण यंत्रात कमी आणि माणसाच्या विसराळूपणात अधिक आहे. आगीत गप्प राहिलेल्या सूचकांपैकी पुष्कळांची बॅटरी संपलेली किंवा काढून ठेवलेली आढळते. १२० व्होल्टच्या जोडणीला रोजची आठवण लागत नाही. वीज गेली तर काय, हा आक्षेप रास्त आहे, म्हणूनच त्यात राखीव बॅटरी असते. शिवाय सगळे सूचक एका जादा तारेने परस्परांशी जोडता येतात. तळघरात धूर झाला, तरी वरच्या मजल्यावरचा सूचक वाजतो. धुराच्या वासाने झोपलेला माणूस जागा होईल, हा भरवसा घातक आहे.

फोडणीच्या धुराने तो सारखा वाजतो, ही तक्रार खरी. पण दोष बहुधा निवडीचा आणि जागेचा असतो. अमेरिसियम-२४१ वापरणारा आयनीभवन प्रकार भडकत्या ज्वाळा लवकर ओळखतो, तर प्रकाशविद्युत प्रकार धुमसती आग. स्वयंपाकघराजवळ दुसरा बरा, तोही शेगडीपासून किमान १० फुटांवर. प्रत्येक शयनगृहात, त्याबाहेर आणि प्रत्येक मजल्यावर एक हवा. भिंतीवर बसवल्यास छतापासून १२ इंचांच्या आत. जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी. निर्मितीच्या तारखेपासून १० वर्षांनी, वाजत असला तरी, सूचक बदलावा लागतो.