वर्गातील स्वाध्याय आणि चर्चमधील ती रात्र: विद्यार्थ्याच्या नृत्यरचनेचा इतिहास

१) न्यूयॉर्क, ६ जुलै १९६२. ग्रीनिच व्हिलेजमधील जडसन मेमोरियल चर्चमध्ये त्या रात्री विलक्षण उकाडा होता. वातानुकूलनाची सोय नव्हती आणि प्रवेशशुल्कही नव्हते. तरीही सुमारे ३०० माणसे जमली आणि त्यांनी तीन तासांहून अधिक काळ बसून १४ रचनाकारांच्या २३ नृत्यरचना पाहिल्या.

२) नृत्याच्या इतिहासात ही रात्र एका नव्या पर्वाचा आरंभ मानली जाते. तिचे मूळ स्वरूप मात्र अगदी साधे होते. नृत्यरचनेचा एक वर्ग संपत आला होता आणि विद्यार्थ्यांना आपले काम लोकांपुढे मांडायचे होते. आज अनेक देशांतील विद्यापीठांत नृत्याचा विद्यार्थी शेवटच्या वर्षी स्वतःची रचना सादर करून पदवी घेतो. त्या प्रथेची एक महत्त्वाची वंशावळ या चर्चमधून जाते. तिचा उगम शोधण्यासाठी आणखी ४५ वर्षे मागे जावे लागते.

३) मार्गारेट डोब्लर या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जीवशास्त्राच्या पदवीधर. त्या नर्तिका नव्हत्या; विद्यापीठात मुलींना बास्केटबॉल शिकवत. १९१६ मध्ये त्या उच्च शिक्षणासाठी न्यूयॉर्कला निघाल्या, तेव्हा विभागप्रमुख ब्लांच ट्रिलिंग यांनी त्यांच्यावर एक कामगिरी सोपवली: विद्यापीठात शिकवण्याच्या योग्यतेचे नृत्य कोठे आढळते का, ते पाहून यावे.

४) डोब्लर यांनी शहरातील अनेक नृत्यवर्ग पाहिले आणि त्या निराश झाल्या. सर्वत्र शिक्षकाने करून दाखवायचे आणि शिष्यांनी गिरवायचे, हाच शिरस्ता होता. अखेर ॲलिस बेंटली या संगीतशिक्षिकेच्या वर्गात त्यांना वेगळे काही दिसले. तेथे विद्यार्थी जमिनीवर पडून हालचाल करत होते. शरीराचा तोल सांभाळण्याची चिंता मिटली, तर प्रत्येक सांधा मोकळेपणाने काय करू शकतो हे ज्याचे त्याला कळते. डोब्लर यांना हवे असलेले सूत्र येथे गवसले.

५) १९१७ च्या उन्हाळ्यात त्यांनी विस्कॉन्सिनमध्ये आपला वर्ग सुरू केला. त्या स्वतः नाचून दाखवत नसत. वर्गात मानवी सांगाडा ठेवलेला असे. हाडे, सांधे आणि स्नायू यांची रचना समजावून द्यायची आणि पुढचा शोध विद्यार्थिनींवर सोपवायचा, ही त्यांची पद्धत. १९२६ मध्ये याच विद्यापीठात नृत्य हा प्रमुख विषय असलेला पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. अमेरिकेतील तो पहिलाच.

६) या घटनेचे महत्त्व नीट लक्षात घेतले पाहिजे. नृत्य हे केवळ अंगी बाणवायचे कौशल्य असेल, तर त्यासाठी नृत्यशाळा पुरेशी आहे. विद्यापीठाची गरज काय? डोब्लर यांचे उत्तर असे की, नृत्य हा शरीराच्या द्वारे जाणून घेण्याचा मार्ग आहे. हे उत्तर एकदा मान्य झाले की परीक्षेचे स्वरूपही बदलणे भाग होते. शिकवलेले किती अचूक उतरले एवढ्यावर भागत नाही. विद्यार्थ्याने स्वतः काय शोधले, हे विचारावे लागते.

७) भरतनाट्यममधील अरंगेत्रम आठवले तर हा फरक चटकन ध्यानात येईल. अरंगेत्रमात शिष्या गुरूने शिकवलेला मार्गम रंगमंचावर सादर करते. परंपरा तिच्यापर्यंत किती सकसपणे पोहोचली, याची ती कसोटी असते. नृत्यरचनेच्या प्रकल्पात विद्यार्थ्यापुढे असा तयार क्रम नसतो. काय सादर करायचे येथूनच त्याची परीक्षा सुरू होते. दोन्ही कसोट्या कठीणच. मात्र त्यांचे प्रश्न वेगळे आहेत.

८) नृत्यरचना शिकवण्याची आणखी एक धारा अमेरिकेत याच काळात वाहत होती. मार्था ग्रॅहम यांचे संगीत-मार्गदर्शक लुई हॉर्स्ट यांनी रचनेचे काटेकोर नियम घालून दिले. पावान, साराबांद, जीग अशा जुन्या युरोपीय दरबारी नृत्यांचे आकृतिबंध घेऊन विद्यार्थ्यांनी त्यांत रचना करावी, असा त्यांचा आग्रह असे. १९३४ मध्ये सुरू झालेल्या बेनिंग्टनच्या उन्हाळी नृत्यशाळेतून आणि पुढे जुलिअर्डमधून ही पद्धत सर्वदूर पसरली. तिने शिस्त दिली. तिच्याबरोबर ‘चांगली रचना’ कशी असते याचा एक ठरीव साचाही आला.

९) इकडे डोब्लर यांची शिष्या ॲना हाल्प्रिन यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस, आपल्या घराबाहेरच्या झाडीत लाकडी नृत्यमंच उभारला होता. १९६० च्या उन्हाळ्यात तेथील कार्यशाळेला सिमोन फोर्टी, इव्हॉन रेनर आणि ट्रिशा ब्राउन या तरुणी हजर होत्या. विस्कॉन्सिनमधील सांगाड्याचा धडा अशा रीतीने पुढच्या पिढीपर्यंत पोहोचला.

१०) त्याच वर्षीच्या शरद ऋतूत न्यूयॉर्कमध्ये, मर्स कनिंगहॅम यांच्या स्टुडिओत, नृत्यरचनेचा एक छोटा वर्ग सुरू झाला. शिक्षक होते रॉबर्ट डन, पेशाने संगीतकार आणि जॉन केज यांचे विद्यार्थी. प्रारंभी विद्यार्थी अवघे पाच. त्यांत फोर्टी, रेनर आणि स्टीव्ह पॅक्स्टन होते. डन यांनी हॉर्स्ट यांची पद्धत जवळून पाहिली होती आणि तिच्याहून वेगळे काही करावे, असे त्यांच्या मनात होते.

११) त्यांचे स्वाध्याय पाहण्याजोगे आहेत. एरिक साती यांच्या संगीतातील केवळ कालमापनाचा आराखडा घ्या आणि त्यावर नृत्य रचा. तीन मिनिटांचे नृत्य करा. बाकी कोणतीही अट नाही. या दुसऱ्या स्वाध्यायासाठी एका विद्यार्थ्याने रडण्याचा सराव केला आणि घड्याळ लावून बरोबर तीन मिनिटे तो रडला. आणखी एका स्वाध्यायात पॅक्स्टन बाकावर बसून सँडविच खात राहिले.

१२) अशा उत्तरांना गुण द्यायचे कसे? डन यांनी हा प्रश्नच बाजूला ठेवला. रचना चांगली की वाईट, याची चर्चा वर्गात होत नसे. ती कशी घडली, कोणते नियम घालून घेतले, कोणते निर्णय योगायोगावर सोपवले, याविषयी बोलणे होई. आपल्या कामाचा हिशेब स्वतःला देता यावा, एवढीच अपेक्षा होती.

१३) वर्गाबाहेरचे जग मात्र जुन्याच मापाने मोजत होते. रेनर, पॅक्स्टन आणि रूथ एमर्सन यांनी नाइन्टी-सेकंड स्ट्रीट वाय या प्रतिष्ठित संस्थेच्या तरुण रचनाकारांच्या कार्यक्रमासाठी चाचणी दिली आणि तिघांनाही नकार मिळाला. नवोदितांना व्यासपीठ देण्यासाठीच आखलेल्या कार्यक्रमाला या कामात नृत्यच दिसले नाही.

१४) मग त्यांनी जडसन चर्च गाठले. तेथील तरुण धर्मोपदेशक अल कार्माइन्स यांनी काम पाहिले आणि जागा देण्याचे मान्य केले. ६ जुलैचा कार्यक्रम झाला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे समीक्षक ॲलन ह्यूज यांनी त्याची अनुकूल दखल घेतली. एप्रिल १९६४ पर्यंत असे १६ क्रमांकित कार्यक्रम झाले. चालणे, धावणे, बसणे, वस्तू उचलणे या नित्याच्या हालचालींना नृत्यात प्रवेश मिळाला तो प्रामुख्याने येथे.

१५) ही धारा पुढे पुन्हा महाविद्यालयात परतली. जानेवारी १९७२ मध्ये पॅक्स्टन यांनी ओहायोतील ओबरलिन महाविद्यालयाच्या व्यायामशाळेत गाद्या अंथरून विद्यार्थ्यांकडून ‘मॅग्नेशियम’ ही रचना करून घेतली. पडणे, आदळणे, एकमेकांच्या भारावर झुकणे, हाच तिचा आशय. त्यातून त्याच वर्षी ‘कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन’ हा नृत्यप्रकार आकाराला आला. आज तो अनेक विद्यापीठांच्या नृत्यविभागांत शिकवला जातो.

१६) इतिहासाने येथे एक पेच मागे ठेवला आहे. मूल्यमापन नाकारणाऱ्या वर्गातून जे घडले, तेच आता अभ्यासक्रमात आहे आणि त्याला गुणही दिले जातात. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी रचनेसोबत तालमींची नोंदवही आणि लेखी निवेदन सादर करतो, तेव्हा तो ‘हे कसे घडले?’ या डन यांच्याच प्रश्नाचे उत्तर देत असतो. समोरचा परीक्षक मात्र ‘हे कितपत चांगले?’ हे ठरवायला बसलेला असतो.

१७) विद्यापीठाला दोन्ही प्रश्न सोडता येणार नाहीत. पहिला विसरला, तर उरते केवळ अनुकरण, ज्याला कंटाळून डोब्लर न्यूयॉर्कहून परतल्या होत्या. केवळ दुसराच उरला, तर १९६२ मधील तो नकार पुन्हा घडेल. आणि नाकारलेल्यांना दर वेळी उघड्या दाराचे चर्च सापडेलच, असे नाही.

(समाप्त)