‘चेकआउट’ ह्या आज्ञेचा अर्थेतिहास

संगणकावरील लेखनाच्या पूर्वापार आवृत्त्या जपून ठेवणाऱ्या साधनास आवृत्ति-नियंत्रण प्रणाली म्हणतात. तिच्या आज्ञा बहुधा इंग्रजीतील नित्य व्यवहारातून घेतलेल्या आहेत. परंतु शब्द टिकला म्हणून अर्थ टिकतोच असे नव्हे. ‘चेकआउट’ ही आज्ञा ह्याचे बोलके उदाहरण होय.

१९७२ मध्ये बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड ह्यांनी रचलेल्या ‘एससीसीएस’मध्ये आवृत्ती घेण्यास ‘गेट’ व नवा फरक नोंदविण्यास ‘डेल्टा’ अशा आज्ञा होत्या. पर्ड्यू विद्यापीठातील वॉल्टर टिची ह्यांच्या ‘आरसीएस’ने (१९८२) ‘चेक आउट’ व ‘चेक इन’ ही जोडी ‘सीओ’ व ‘सीआय’ ह्या आखूड रूपांत रूढ केली. रूपक ग्रंथालयाचे. फेरफारासाठी फाइल नेणाऱ्याने तिला कुलूप लावावयाचे. ती परत येईपर्यंत इतरांनी ती केवळ वाचावी. (ग्रंथालयातून गेलेले पुस्तक इतरांस वाचावयासही मिळत नाही; म्हणजे रूपक आरंभीच किंचित सैल होते.)

१९८४-८५ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे डिक ग्रून दोन विद्यार्थ्यांसह एक कंपायलर रचीत होते. एक विद्यार्थी ठराविक वेळी काम करी, दुसऱ्यास वेळापत्रक नव्हते, आणि स्वतः ग्रून ह्यांना केवळ संध्याकाळ मोकळी असे. कुलुपाने त्यांचे काम अडले असते. म्हणून प्रत्येकाने स्वतंत्रपणे ‘कमिट’ करावे अशी सोय त्यांनी केली व तीस ‘सीएमटी’ हे नाव दिले. हीच पुढे ‘सीव्हीएस’ झाली. तीत ‘चेकआउट’ शब्द राहिला. कुलूप मात्र गळाले.

एप्रिल २००५ मध्ये लिनस टॉर्वाल्ड्स ह्यांनी ‘गिट’ निर्माण केली. तीत ‘क्लोन’ ह्या आज्ञेने संपूर्ण इतिहासच आपल्याजवळ येतो. मग ‘चेकआउट’ने उसने आणावयाचे कोणाकडून? तरीही शब्द राहिला, आणि त्यावर दोन कामे पडली : दुसऱ्या शाखेवर जाणे आणि फाइलीचे पूर्वरूप परत आणणे. पहिल्या कामात न नोंदलेले लेखन पुसले जाण्याचा संभव दिसला की प्रणाली नकार देते. दुसऱ्यात ती काही न विचारता ते पुसते. अनेकार्थता हा एरव्ही भाषेचा दोष नव्हे, कारण संशय आल्यास श्रोता विचारतो. येथे श्रोता यंत्र आहे, आणि नवशिक्याला अर्थभेद कळतो तो दिवसभराचे काम गेल्यावर.

ऑगस्ट २०१९ मधील २.२३ ह्या आवृत्तीत ही कामे ‘स्विच’ व ‘रिस्टोर’ ह्या दोन आज्ञांत वाटली गेली. ‘रिस्टोर’ही न नोंदलेले लेखन पुसतेच, परंतु ती पूर्वरूप आणणार हे तिच्या नावावरून तरी समजते. जुनी आज्ञा काढलेली नाही. जाणत्यांच्या बोटांत ती बसलेली आहे, आणि नवशिके अद्याप त्यांच्याचकडून शिकतात.