फराक्का बंधारा-वाद

गाळाने भरत चाललेले कलकत्ता बंदर वाचविण्यासाठी पश्चिम बंगालमधील फराक्का येथे गंगेवर बंधारा घालावा की नाही, यासंबंधी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चाललेला वाद. मुंबईच्या बंदरातही गाळ उपसावा लागतो. परंतु भरती-ओहोटीचे खोल पाणी त्याला आयतेच लाभले असल्यामुळे त्याचे अस्तित्व कोणत्याही नदीच्या मर्जीवर अवलंबून नाही. समुद्रापासून सुमारे 200 किमी. आत, हुगळीच्या काठी वसलेल्या कलकत्त्याचे तसे नव्हते. सोळाव्या शतकाच्या सुमारापासून गंगेचा मुख्य प्रवाह पूर्वेकडे पद्मा या शाखेत वळत गेला, हुगळीला गंगेचे पाणी आणणाऱ्या भागीरथीचे मुख कोरड्या ऋतूत वाळूने बंद होऊ लागले, आणि भरतीबरोबर वर चढणारी वाळू परत समुद्रात लोटण्याइतका वरचा लोंढा हुगळीत उरला नाही.

गोदावरीवर धवळेश्वरम् येथे बंधारा बांधणाऱ्या सर आर्थर कॉटन याने 1853 मध्ये गंगेवरील बंधाऱ्याची कल्पना प्रथम मांडली. पुढे समित्या नेमल्या गेल्या, अहवाल दप्तरात पडून राहिले, 1930 मध्ये सर विल्यम विलकॉक्स यानेही असाच उपाय सुचविला. अखेर जर्मन तज्ज्ञ वॉल्टर हेन्सन याने 1957 मध्ये बंधाऱ्याच्या बाजूने कौल दिला, तेव्हा भारत सरकारने तजवीज पक्की केली; पूर्व पाकिस्तानच्या शेतीचे पाणी तुटेल, ही पाकिस्तानची 1951 पासूनची हरकत कायमच होती.

खरा तांत्रिक विरोध मात्र घरातूनच झाला. पश्चिम बंगालच्या पाटबंधारे खात्यातील अभियंता कपिल भट्टाचार्य यांचे म्हणणे असे, की योजनेत गृहीत धरलेले 40,000 क्युसेक पाणी उन्हाळ्यात मिळणार नाही, वरच्या अंगाला गाळ साचून बिहार, मालदा व मुर्शिदाबाद येथे पूर येतील, आणि हुगळीला पुराच्या वेळी धुऊन काढणारे दामोदरचे पाणी तर धरणे बांधून आपणच अडविले आहे. या आकडेमोडीला आकडेमोडीने उत्तर देणे योग्य झाले असते. त्याऐवजी त्यांना पाकिस्तानचा हस्तक ठरविण्यात आले.

सुमारे 2.25 किमी. लांबीचा व 109 दरवाजांचा हा बंधारा वालचंद हिराचंद यांनी 1926 मध्ये स्थापन केलेल्या मुंबईच्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीने बांधला. सुमारे 38 किमी. लांबीच्या कालव्याने भागीरथीत पाणी सोडण्यास 21 एप्रिल 1975 रोजी प्रारंभ झाला.

यानंतर वाद अभियंत्यांच्या हातून मुत्सद्द्यांच्या हाती गेला. मे 1976 मध्ये राजकीय नेते मौलाना भासानी यांनी बांगलादेशात (पूर्वीच्या पूर्व पाकिस्तानात) फराक्काविरोधी मोर्चा काढला. 1977 च्या करारनाम्यात एप्रिलच्या अखेरच्या दहा दिवसांचा प्रवाह 55,000 क्युसेक धरून बांगलादेशाला 34,500 व भारताला 20,500 असा हिस्सा ठरला. म्हणजे ज्या 40,000 क्युसेकसाठी एवढा खटाटोप झाला, त्यांपैकी जेमतेम निम्मे पाणी ऐन टंचाईच्या काळात बंदराच्या वाट्याला आले. डिसेंबर 1996 चा तह तीस वर्षांचा असून, प्रवाह 70,000 क्युसेक वा त्याहून कमी असल्यास निम्मे-निम्मे पाणी घ्यावे, आणि 11 मार्च ते 10 मे या काळात दर दहा दिवसांनी आळीपाळीने एकेका देशाला 35,000 क्युसेकची हमी असावी, अशी त्याची घडण आहे.

बंदराचा भार तोवर खाली सरकू लागला होता. समुद्राच्या अधिक जवळ हल्दिया येथे 1977 मध्ये नवी गोदी सुरू झाली. तेथेही गाळ उपसण्याचे काम संपलेले नाही. पूर्वी अलाहाबादपर्यंत चढणाऱ्या हिलसा माशांची वाट बंधाऱ्याने अडविली, मालद्यात गंगेने काठच्या वस्त्या गिळल्या, आणि 2016 च्या पुरानंतर बिहारचे मुख्यमंत्री नितीश कुमार यांनी बंधाराच काढून टाकण्याची मागणी केली.