जड जिभेचं नाम



मुरबाड तालुक्यातल्या एका गावी सप्ता होता. हरिपाठाला सगळे उभे, आणि एक म्हातारे बाबा मात्र खांबाला टेकून गप्प. गळ्यात माळ, हातात टाळ, पण तोंड मिटलेलं. विचारलं, "बाबा, म्हणत का नाही?" म्हणाले, "म्हाराज, आमची जीभ जड हाय. टाळाला 'टाल' म्हनतो, तं पोरं हसतात."

माउली, त्या बाबांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो.

आपल्याकडे जिभेचा विचार फार जुना आहे. वेद बिनचूक म्हणता यावेत म्हणून शिक्षाग्रंथ झाले. पाणिनीय शिक्षेत वर्णांच्या आठ जागा सांगितल्यात : ऊर, कंठ, मस्तक, जिभेचं मूळ, दात, नाक, ओठ आणि टाळू. तुम्ही शाळेत क, च, ट, त, प असे वर्ग घोकलेत ना? ते उगाच तसे मांडलेले नाहीत. आतून, घशाकडून निघायचं आणि ओठांशी यायचं, असा तो रस्ता आहे. आत्ता म्हणून बघा, कळेल.

आता मुरबाडहून माळशेज घाट चढा. वर जुन्नर तालुक्यात ओतूर लागतं. तिथे बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकोबारायांना माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी, स्वप्नात ज्यांनी 'राम कृष्ण हरी' हा मंत्र दिला, तेच हे बाबाजी. हा मंत्र जिभेला काय करायला लावतो बघा. 'रा' म्हणताना शेंडा वर टेकून लगेच खाली येतो, जीभ सपाट पडते. 'म'ला ओठ मिटतात, जीभ विसावते. 'कृ'ला जिभेची मागची बाजू उठते. 'ष्ण'ला शेंडा टाळूकडे वळतो. 'ह'ला जीभ कुठेच टेकत नाही, नुसता श्वास. म्हणजे एवढ्याशा नामात जीभ मुळापासून शेंड्यापर्यंत कामाला लागली!

गाताना आणखी एक गोष्ट. जिभेचं मूळ गळ्यातल्या नालेच्या आकाराच्या छोट्या हाडाला बांधलेलं आहे, आणि त्याच हाडाला खाली स्वरयंत्र लटकलेलं आहे. जीभ भीतीने ताठली, मागे ओढली गेली, की गळाही आवळतो. आवाज दबतो. आकार लावताना शेंडा खालच्या दातांमागे सैल ठेवा, स्वर मोकळा येईल. आणि माउली, हसतील या धाकाने ताठलेली जीभ सैल कशी पडणार?

राहिला तो 'ळ'. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात पुष्कळ घरांत डोळ्याला 'डोला' आणि पाण्याला 'पानी' म्हणतात. ग्रिअर्सन साहेबांनी देशभरच्या भाषांची पाहणी केली. तिचा मराठीचा खंड १९०५ साली छापला, त्यात आगरी, कोळी, कातकरी, वारली या बोलींचे नमुने आहेत. चूक म्हणून नव्हे, बोली म्हणून! आणि गंमत ऐका. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत 'ळ' आहे. पुढे अभिजात संस्कृतातून तोच 'ळ' गेला. म्हणून कालिदासाला कुणी जड जिभेचा म्हटलं का? नाही ना! मग आपल्या बाबांनाच का?

शिकायचं असेल तर 'ळ' जरूर शिका. जिभेचा शेंडा मागे वळवून टाळूला लावा आणि सोडा. पण तो येईपर्यंत नाम थांबवू नका. आणि आपण, ज्यांना 'ळ' येतो, त्यांनी हसू नये. आपल्या हसण्याने एका माणसाच्या मुखातलं नाम बंद पडलं, तर तो दोष त्या जिभेचा नाही, आपला आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकड्याला बाबा पुढे उभे होते. 'टाल' वाजत होता, आणि गळा मोकळा होता.

बोला, राम कृष्ण हरी.