बीएमएम, ऑर्कुट आणि आपली उपनगरं

आपण दहावी झालो १९९६ साली. व्हीएसएनएलने मुंबईत इंटरनेट आणलं ते त्याच्या आदल्या वर्षी, १५ ऑगस्टला. आपल्याला त्याचा पत्ता नव्हता. आपलं प्रसारमाध्यम म्हणजे जिन्याजवळचं भित्तिपत्रक. बाईंनी तपासून सही केल्याशिवाय त्यावर ओळ लागत नसे.

२०००च्या सुमारास मुंबई विद्यापीठाने बीएमएम, म्हणजे बॅचलर ऑफ मास मीडिया, सुरू केलं. मी तेव्हा इंजिनीअरिंगला होते. घरोघरी प्रश्न एकच: यात नोकरी लागते का? खरं तर उपनगरात हा प्रश्न पडायला नको होता. गोरेगावची चित्रनगरी १९७७ पासूनची, झी टीव्ही १९९२ पासूनचा, मालिकांचा पसारा अंधेरीभर. अभ्यासक्रमही धंद्याकडे बघूनच बेतलेला. शेवटच्या वर्षी वाटा दोनच, पत्रकारिता आणि जाहिरात. शिकवायला वर्तमानपत्रांतली, एजन्सींतली माणसं येत आणि मुलं त्यांच्याकडे इंटर्नशिपला जात. धंद्याला त्यातून स्वस्तात हात मिळत, हेही खरं. मुलुंड-घाटकोपरच्या मुलांना अंधेरीला जायला दादरला गाडी बदलावी लागे. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो आली ती थेट जून २०१४ मध्ये.

पण ही मुलं वर्गाबाहेर काय करत होती? २००४ मध्ये ऑर्कुट आलं. स्क्रॅप, टेस्टिमोनियल, कॉलेजच्या कम्युनिटी. मग फेसबुक, आणि २००९ मध्ये त्याचं लाइकचं बटण. एसएमएसचं वेड तर इतकं, की ट्रायने २०११ मध्ये दिवसाला किती पाठवायचे यावरच मर्यादा घातली. लिहून थेट लोकांपुढे ठेवायचं, मधे संपादक नाही की बाई नाहीत. भित्तिपत्रकाच्या मानाने हा केवढा फरक!

वर्तमानपत्राचे कायदे बीएमएमच्या शेवटच्या वर्षी शिकवत, तेही पत्रकारिता घेणाऱ्यांना. कायद्याची गाठ मात्र भलत्यांशीच पडली. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली. विरारच्या पुढे, पालघरला, एका तरुणीने त्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं, मैत्रिणीने ते लाइक केलं. दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ हे कलम त्यात होतं. त्याविरुद्ध श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २४ मार्च २०१५ रोजी ते कलम रद्द झालं. माझ्या मते या अभ्यासक्रमातला सगळ्यात मोलाचा विषय तोच कायद्याचा. तो इंजिनीअरिंगलाही हवा होता. लाइकचं बटण बनवणारे शेवटी आमच्याच जातकुळीतले.

२०१६ मध्ये दोन गोष्टी घडल्या. जिओमुळे डेटा स्वस्त झाला, आणि इन्स्टाग्रामने पोस्ट वेळेच्या क्रमाने दाखवणं सोडून प्रोग्रॅमने ठरवलेल्या क्रमाने दाखवायला सुरुवात केली. पहिलीची चर्चा घरोघरी झाली. दुसरी माझ्या मते जास्त मोठी, कारण काय आधी दिसणार हे ठरवणारा पुन्हा कुणीतरी मधे आला, आणि तो सही करत नाही.

२०१९ मध्ये बीएमएमचं नावही बदललं. आता ते मल्टिमीडिया अँड मास कम्युनिकेशनमधलं बीए आहे. आपल्या वर्गातल्या एकीची लेक तेच करते. अंधेरीत इंटर्नशिपच्या मुलाखतीला गेली, तर लिहिलेलं काही बघायच्या आधी तिला फॉलोअर किती ते विचारलं. तिने आकडा सांगितला, आणि बरोबर नेलेली फाइल तशीच परत आणली.