विरुद्धार्थी शब्दाचें घर

'खालील शब्दांचे विरुद्धार्थी शब्द लिहा' हा प्रश्न आपल्याकडील इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेंत इतका रुळलेला आहे कीं त्यामागें कांहीं इतिहास असेल अशी शंकाहि सहसा कोणास येत नाहीं. एका बाजूस दहा शब्द मांडावे, दुसऱ्या बाजूस त्यांचे दहा प्रतिस्पर्धी आठवून लिहावे व गुण मिळवावे, असा हा व्यवहार. यांत गृहीत धरलेली गोष्ट अशी कीं, प्रत्येक शब्दाच्या गांठीं त्याचा एक विरुद्धार्थी शब्द जन्मतःच बांधलेला असतो. वस्तुस्थिति तशी नाहीं. विरुद्धार्थी शब्दाचें घर वाक्य हें होय. सुट्या शब्दाच्या पदरीं तो नसतो. ही गोष्ट आपल्या शास्त्रकारांस ठाऊक होती; इंग्रजी व मराठी या भाषांची पहिली मोठी गांठ पडली त्या वेळच्या कोशकारांसहि ठाऊक होती; पुढें परीक्षांच्या धांदलींत मात्र ती विसरली गेली. या विस्मरणानें मराठी मुलांचें काय नुकसान झालें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

आरंभ आपल्या घरापासूनच करूं. एका शब्दाचे अनेक अर्थ असतां प्रस्तुत अर्थ कोणता, हें कशावरून ठरवावें, याचा ऊहापोह सुमारें दीड हजार वर्षांपूर्वीं भर्तृहरीनें 'वाक्यपदीया'च्या दुसऱ्या कांडांत केला आहे. संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोधिता, प्रकरण, औचित्य, देश, काल अशीं जीं साधनें त्यानें सांगितलीं, त्यांत विरोधिता हें एक स्वतंत्र साधन आहे. मम्मटानें 'काव्यप्रकाशां'त त्याचें उदाहरण दिलें आहे तें राम आणि अर्जुन या जोडीचें. राम हा दाशरथि असेल, बलराम असेल किंवा परशुराम असेल. अर्जुन हा पांडव असेल किंवा कार्तवीर्य असेल. परंतु दोघे एकमेकांचे वैरी म्हणून उभे केले कीं, राम तो परशुराम व अर्जुन तो सहस्रार्जुन, यांत संशय उरत नाहीं. म्हणजे विरोधी कोण हें कळलें कीं मूळ शब्दाचा अर्थ कळतो, आणि अर्थ कळला कीं विरोधी सांपडतो. दोहोंचा उलगडा प्रसंग पाहिल्यावांचून होत नाहीं.

दुसरी गोष्ट नकारवाचक उपसर्गाची. शब्दामागें 'अ' लावला कीं उलट अर्थ झाला, अशी समजूत मुलांत रूढ असते. आपल्या वैयाकरणांनीं मात्र या 'अ'चे सहा अर्थ सांगितले आहेत : सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य व विरोध. 'अनुदरा' म्हणजे पोट नसलेली नव्हे, तर कृशोदरी. 'अनश्व' म्हणजे घोड्याहून निराळा कोणीहि प्राणी. 'अधर्म' या शब्दांत मात्र खरा विरोध आहे. मराठीनें तर याहून मौजेचे प्रकार केले आहेत. 'मूल्यवान'च्या पुढची पायरी 'अमूल्य'. 'घोर' भयंकर आणि 'अघोर'हि भयंकर. 'चपळ' चंचल आणि 'अचपळ' अतिचंचल. 'असुर' शब्दाची कथा तर फार बोधप्रद आहे. ऋग्वेदांत तें वरुणादि देवांचेंहि विशेषण आहे. पुढें त्यांतला 'अ' नकाराचा आहे असें लोकांनीं मानलें, आणि त्या समजुतींतून 'सुर' हा देववाचक शब्द निर्माण झाला. जोडी असलीच पाहिजे या आग्रहानें जोडीदार नसतांहि तो घडविला गेला.

इंग्रजींत हीच फसगत निराळ्या वेषानें भेटते. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे बिनमोलाचें नव्हे, अनमोल. 'इन्फ्लेमेबल' या शब्दांतील 'इन' नकाराचा नाहीं; तो 'आंत, पेट घेऊन' अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदांतून आलेला आहे. इंग्रजी बोलणाऱ्या लोकांसहि हा घोटाळा धोक्याचा वाटल्यावरून विसाव्या शतकांत 'फ्लेमेबल' हें सुटसुटीत रूप सूचनाफलकांवर वापरण्याचा प्रघात पडला. मुंबई-पुणें रस्त्यानें पनवेलवरून जाणाऱ्या तेलाच्या टँकरांवर अद्याप जुना शब्द दिसतो. उपसर्गांची यादी तेवढी पाठ केलेल्या मुलानें त्याचा अर्थ 'न पेटणारें' असा लावला, तर त्याच्या यादीप्रमाणें तो चुकला असें म्हणतां येणार नाहीं!

आतां इंग्रजी-मराठीच्या संबंधाकडे वळूं. मराठी शब्दांचा मराठींतच अर्थ देणारा जो कोश जगन्नाथशास्त्री क्रमवंत आदि पंडितांनीं सिद्ध केला, तो १८२९ सालीं बाहेर पडूं लागला. मोल्सवर्थ व कँडी बंधु यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्याची सुमारें साठ हजार शब्दांची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली. हा कोश चाळतांना एक गोष्ट पदोपदीं आढळते. शब्दाचा अर्थ नुसत्या प्रतिशब्दानें पुरा होत नाहीं असें दिसलें, कीं कोशकार 'हा अमुक शब्दाच्या उलट' अशी खूण त्यापुढें करतात. विरोध हें त्यांचें अर्थ सांगण्याचें साधन होतें.

तसें करणें त्यांस भागच होतें. 'कच्चा' हा एक शब्द घेतला तरी तें ध्यानांत येईल. रस्ता कच्चा, रंग कच्चा, हिशेब कच्चा, कैदी कच्चा. या सर्वांस मराठींत विरोधी एकच, 'पक्का'. आंबा मात्र कच्चा नसला कीं पिका होतो आणि भात शिजलेला होतो. इंग्रजींत उतरतांना ही एकी पार मोडते. पक्का रंग म्हणजे 'फास्ट' रंग, आणि या 'फास्ट'चा विरोधी 'स्लो' नव्हे. पक्का हिशेब 'फेअर', परंतु त्याच्या उलट 'अन्फेअर' म्हटल्यास लबाडीचा आरोप होईल; तेथें 'रफ' पाहिजे. कच्चा कैदी म्हणजे ज्याच्या खटल्याचा निकाल व्हावयाचा आहे तो. त्याचा विरोधी 'कन्व्हिक्ट'. एका मराठी जोडीच्या या तीन इंग्रजी जोड्या झाल्या, आणि तिन्ही संदर्भानें ठरल्या.

बाळशास्त्री जांभेकरांचें 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजीं सुरू झालें तें एका स्तंभांत इंग्रजी व शेजारच्या स्तंभांत मराठी असें. ज्यास इंग्रजी शिकावयाचें होतें, त्यास तेथें शब्दांऐवजीं सबंध वाक्यें समोरासमोर पाहावयास मिळत. मोल्सवर्थनें आरंभिलेला व थॉमस कँडीनें पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं निघाला. त्यांतहि एका इंग्रजी शब्दास एक मराठी शब्द असा हिशेब न ठेवतां अर्थागणिक निरनिराळे शब्द दिले आहेत.

हेंच १८४७ साल दुसऱ्या एका कारणानेंहि स्मरणीय आहे. उच्च ज्ञान इंग्रजींतून द्यावें कीं देशी भाषांतून, याविषयीं मुंबईच्या शिक्षणमंडळांत तेव्हां कडाक्याचा वाद चालला होता. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूस होते. कर्नल जर्व्हिस व जगन्नाथ शंकरशेट यांनीं देशी भाषांचा पक्ष घेतला. वादाचा झोंक पुढें कोणत्या बाजूस गेला हें सर्वांस माहीत आहे. आपल्या विषयापुरती गोष्ट एवढीच, कीं इंग्रजीचा अर्थ मराठीच्या साह्यानें नेमका कसा पकडावा हें दाखविणारा कोश आणि मराठीस शिक्षणांतून बाजूला सारूं पाहणारा पक्ष, हीं दोन्हीं एकाच वर्षीं एकाच इलाख्यांत नांदत होतीं.

यादीचा काळ यानंतरचा. रॉजेटचा प्रसिद्ध शब्दसंग्रह १८५२ सालीं लंडनला निघाला. त्यांत परस्परविरोधी कल्पना शेजारशेजारच्या स्तंभांत मांडल्या होत्या. 'अँटॉनिम' हा शब्दहि इंग्रजींत रुळला तो १८६७ सालीं सी. जे. स्मिथ या धर्मोपदेशकानें समानार्थी व विरुद्धार्थी शब्दांचा ग्रंथ प्रसिद्ध केल्यानंतर. म्हणजे मोल्सवर्थच्या दुसऱ्या आवृत्तीच्या वेळीं या वस्तूस इंग्रजींत रूढ नांवहि नव्हतें. वस्तु मात्र आपल्या कोशांत कामास लागलेली होती. नांव मिळालें, यादी झाली, आणि यादी तपासण्यास सोपी असल्यामुळें ती परीक्षेंत शिरली. १९३० सालीं ऑग्डेननें ८५० शब्दांचें 'बेसिक इंग्लिश' रचलें, त्यांत विरोधी म्हणून ५० विशेषणांचा स्वतंत्र गट केला. परंतु विरोध म्हणजे काय, हें सांगावयास त्यालाहि १९३२ सालीं एक निराळें पुस्तक लिहावें लागलें.

ही चर्चा ग्रंथांतली आहे, आपल्या मुलांशीं तिचा संबंध काय, असें कोणी म्हणेल. त्यासाठीं पनवेलजवळची खांदा कॉलनीच पाहूं. १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें नवीन पनवेलचा जो विस्तार केला, त्यांतली ही वसाहत. तिच्या नांवापासूनच आपला विषय सुरू होतो. इंग्रजांच्या इतिहासांत 'कॉलनी'चा प्रतिपक्ष मातृदेश हा होता. येथें तो 'गांव' आहे. नवीन पनवेलच्या उलट जुनें पनवेल. इंग्रजींत तें 'ओल्ड' खरें, परंतु तेथें 'न्यू'च्या जागीं 'यंग' घालून कोणी बोलत नाहीं, कारण 'ओल्ड' या एका शब्दाखालीं मराठीनें 'जुना' आणि 'म्हातारा' असे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. खांदेश्वर स्थानकावर मुंबईकडे जाणारी गाडी 'अप' व उलट येणारी 'डाउन'. त्यांत चढउताराचा कांहीं संबंध नाहीं. बाजारांत मासळी 'फ्रेश' असेल तर तिच्या उलट शिळी, किंवा प्रसंगीं सुकी. पाणी 'फ्रेश' असेल तर तें गोडें, आणि त्याच्या उलट खाडीचें खारें. 'ड्राय' कपड्याच्या उलट ओला, 'ड्राय' भाषणाच्या उलट रसाळ, 'ड्राय' गाईच्या म्हणजे भाकड गाईच्या उलट दुभती. आणि 'ड्राय डे'च्या उलट पावसाचा दिवस खास नव्हे. २०२० सालच्या साथींत तर 'पॉझिटिव्ह' हा शब्द घरोघर भीतीचा झाला आणि 'निगेटिव्ह' ऐकून लोक देवापुढें साखर ठेवूं लागले. यादींत 'पॉझिटिव्ह' म्हणजे चांगलें असें पाठ केलेल्या मुलासहि हा फरक कोणास शिकवावा लागला नाहीं. प्रसंगानें तो शिकविला.

यांतून जी रीत निघते ती साधी आहे. शब्द कशाविषयीं बोलला आहे, हें प्रथम पाहावें. कारण विशेष्य बदललें कीं विशेषणाचा वैरी बदलतो. मग वाक्यांत 'परंतु', 'नव्हे', 'उलट' अशा अर्थाचें अव्यय आहे काय, तें पाहावें. असल्यास विरोधी शब्द बहुधा त्याच्या पलीकडेच उभा असतो. त्यानंतर त्या ठिकाणीं आपण मराठींत कोणता शब्द वापरूं तें आठवावें आणि त्या मराठी शब्दाचा विरोधी घेऊन पुनः इंग्रजींत जावें. शेवटीं मिळालेला शब्द मूळ वाक्यांत बसवून पाहावा. वाक्याचा अर्थ नेमका फिरला तर उत्तर बरोबर. कित्येक वेळां असें आढळेल कीं मधें तिसरी अवस्था आहे. ऊन नाहीं तें थंडच असतें असें नाहीं, कोमटहि असतें. जिवंत नाहीं तें मात्र मेलेलेंच. हा भेदहि वाक्यांतच कळतो.

या रीतींतील तिसरी पायरी मराठी मुलास जन्मतः मिळालेली आहे, आणि आपण तीच काढून घेत आहों. महाराष्ट्रांत २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकविलें जातें. खांदा कॉलनीसारख्या वसाहतींत तर शेजारशेजारच्या दारांतून मराठी व इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांचीं मुलें बाहेर पडतात. अशा वेळीं इंग्रजीच्या तासास मराठीचा उच्चार म्हणजे अडथळा, अशी समजूत अनेक घरांतून दिसते. तिचा परिणाम दुहेरी होतो. मूल इंग्रजी शब्दांच्या जोड्या पाठ करतें, परंतु त्या कोठें तुटतात हें त्यास कळत नाहीं. आणि भाकड, दुभती, गोडें, खारें, कोमट हे शब्द वापरण्याचा प्रसंगच न आल्यामुळें तेहि त्याच्या तोंडून नाहींसे होतात. एका भाषेचें ज्ञान उथळ राहतें व दुसरीचें आटतें. मोल्सवर्थ-कँडींनीं इंग्रजी अर्थाचे पदर उकलण्यास मराठी वापरली, ती मराठीवरील दयेनें नव्हे. तिच्यावांचून त्यांचें काम होत नव्हतें म्हणून. आपल्या मुलांचेंहि होणार नाहीं.

जगन्नाथ शंकरशेटांचा पक्ष १८४७ सालीं मागें पडला असेल. परंतु प्रत्येक घरांत संध्याकाळीं अभ्यासाचें पुस्तक उघडलें जातें तेव्हां तोच वाद नव्यानें उभा राहतो, आणि तेथें निकाल देणें आईबापांच्या हातीं असतें. मुलानें इंग्रजी शब्दाचा विरोधी विचारला, तर त्यास यादीचें पान काढून देण्यापूर्वीं 'कोणत्या वाक्यांत?' एवढें विचारावें, आणि तें वाक्य मराठींत सांगावयास लावावें. त्यास दोन्ही भाषा येऊं लागण्याचा मार्ग तेथूनच जातो.